खाशाबा : जनरेशन ते ट्रान्समिशन

डब्ल्यूडब्ल्यूई कधीच न पाहिलेला मुलगा आपल्या होस्टेलवर शोधूनही सापडणार नाही. शाळेत असताना त्याची कार्डं असायची. उंची, वजन, दंडाचं माप, रँक... एकमेकांची कार्डं जिंकण्यात आमची मधली सुट्टी संपायची. माझ्याकडे द रॉकचं कार्ड होतं. ते मी खेळात काढायचोच नाही, न जाणो हरलो तर!

पुढे कळलं की हा द रॉक, म्हणजे ड्वेन जॉन्सन, त्याच्या घरातला तिसऱ्या पिढीचा पैलवान. वडील रॉकी जॉन्सन पैलवान. आईकडचे आजोबा पीटर मायविया तेही पैलवान. २०२० मध्ये त्याच्या मुलीनेही डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला, म्हणजे चौथी पिढी झाली की!

आता गंमत बघा. गोऱ्या पैलवानांची अशी घराणी मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. हार्ट, व्हॉन एरिक, ऱ्होड्स, ऑर्टन... पण काळ्या पैलवानांची घराणी मोजा. जॉन्सनचं नाव घेतलं की पुढच्या नावासाठी डोकं खाजवावं लागतं. आणि त्या घरातही अर्धा वारसा आईकडच्या सामोअन मायविया कुटुंबाचा. मग काळे पैलवान ताकदीला कमी होते का? अजिबात नाही. तिथला कोणताही जुना जाणकार बोबो ब्राझीलचं नाव आदराने घेईल.

मला वाटतं याचं उत्तर रिंगमध्ये नाही, तिकीटखिडकीवर आहे. स्टू हार्टची कॅनडातल्या कॅलगरीत स्वतःची कुस्तीची कंपनी होती. फ्रिट्झ व्हॉन एरिकची डॅलसमध्ये होती. मॅकमहॉन तर तीन पिढ्यांचे धंदेवाले. मुलगा हाताशी आला की त्याची पहिली कुस्ती घरच्याच रिंगमध्ये लागायची. पडला तरी दुसरी लागायची. काळ्या पैलवानाकडे अंग होतं, डाव होते, पण रिंग नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक ठिकाणी गोऱ्याबरोबर काळ्याची कुस्तीच लावत नसत. त्यांच्यासाठी वेगळ्या कुस्त्या, वेगळा किताब. मोठ्या कंपनीचा जागतिक हेवीवेट किताब जिंकणारा पहिला काळा पैलवान म्हणून रॉन सिमन्सचं नाव घेतात, ते साल होतं १९९२. म्हणजे परवा परवा! जिथे बापालाच दाराबाहेर उभं केलं, तिथे तो पोराला आत कसा नेणार?

हे सगळं वाचताना मला सारखा आपल्या मातीतला एक माणूस आठवत होता. त्यांना बापाकडून कुस्ती मिळाली. त्यांनी ती थेट ऑलिम्पिकच्या पदकापर्यंत नेली. आणि त्यांच्या घरात ती तिथेच थांबली. त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. खाशाबांना पॉकेट डायनॅमो म्हणायचे. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, त्यामुळे डायनॅमो म्हटलं की आपला हक्कच आहे! शिवाय जनरेशन या शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ. एक पिढी आणि दुसरा वीजनिर्मिती. खाशाबांची गोष्ट दोन्ही अर्थांनी सांगता येते, म्हणून हा लेखप्रपंच.

गोळेश्वरचं धाकटं पोर

सातारा जिल्ह्यात कराडला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब शेतकरी आणि नावाजलेले पैलवान. पाच मुलगे, त्यात खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात सकाळ-संध्याकाळ कुस्तीच. आपल्याकडे पोरं जशी चालायला लागली की बॅट धरतात, तशी त्या घरात मातीत लोळायची. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी गावातल्या एका नामांकित गड्याला दोन मिनिटांत पाडलं, अशी आठवण सांगितली जाते.

इथे एक लक्षात घ्या. दादासाहेबांनी पोराला काय दिलं? जमीनजुमला फार नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. पण माती दिली, डाव दिले, आणि घरात पैलवान असला की त्याच्या वाटचं दूध बाजूला काढून ठेवायची सवय दिली. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा खाशाबा शाळकरी होते. सातारा जिल्हा तेव्हा कसा धगधगत होता हे आपण इतिहासात वाचलंय. भूमिगतांना आसरा देणं, त्यांचे निरोप पोचवणं ही कामं त्यांनी केली. पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला गेले. राजाराम कॉलेज. आणि कुस्तीच्या दृष्टीने बघाल तर पंढरपूरच!

कोल्हापूरची वायरिंग

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी उगाच म्हणत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जे दिलं त्याला तोड नाही. ठिकठिकाणी तालमी, पैलवानांना खुराक, बाहेरच्या मल्लांनाही आश्रय. युरोपच्या प्रवासात रोमचं जुनं रिंगण पाहून आल्यावर त्यांनी खासबाग मैदान बांधायला घेतलं. १९१२ पासून तिथे कुस्त्या होऊ लागल्या. मधोमध हौदा आणि चारी बाजूंनी चढत्या पायऱ्या. कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. सिव्हिलवाल्यांनी एकदा जाऊन बघाच.

माझ्या भाषेत सांगायचं तर शाहू महाराजांनी गावोगावच्या ताकदीसाठी ग्रिड उभी केली. खेड्यात ताकद तयार व्हायची, पण ती मैदानापर्यंत आणायला तारा लागतात, सबस्टेशन लागतं. तालीम, वस्ताद, खुराक, मैदान, इनाम ही सगळी वायरिंग संस्थानने केली होती. शेतकऱ्याच्या पोराला घरातून फक्त अंग घेऊन यायचं होतं.

खाशाबा कोल्हापूरला आले तेव्हा शाहू महाराज जाऊन वीसेक वर्षं लोटली होती, पण वायरिंग शाबूत होती. म्हणूनच १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा प्रश्न आला तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला. खाशाबा बोटीत बसले.

लंडनला गेल्यावर खरा धक्का बसला. तिथली कुस्ती मॅटवर! जन्मभर मातीत लढलेल्या माणसाला अचानक गादीवर उभं केलं. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीतली कुस्ती चितपट झाली की संपते, इथे गुणांचा हिशेब. आपण चार सेमिस्टर एका सिलॅबसने अभ्यास करावा आणि पेपर दुसऱ्याच सिलॅबसचा यावा, तसं. रीस गार्डनर या अमेरिकन माजी विजेत्याने त्यांना तिथे थोडंफार शिकवलं. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. जगात सहावे! स्वतंत्र भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक होतं, हेही ध्यानात ठेवा.

घर गहाण

परत आल्यावर खाशाबांनी ठरवलं की पुढच्या वेळी पदक. मेहनत वाढवली. वजनाचा गट बदलला, फ्लायवेटमधून बँटमवेटमध्ये म्हणजे ५७ किलोत आले. सगळं जमत होतं. फक्त एका गोष्टीचा भरवसा गेला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

आता संस्थानं विलीन झाली हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नाही. लोकशाहीत राजाच्या मर्जीवर कुणाचं पोट अवलंबून असू नये. पण कुस्तीच्या बाबतीत जुन्या तारा उतरवल्या आणि नव्या टाकायला बराच उशीर झाला. १९४८ मध्ये ज्या माणसाला दरबाराने पाठवलं, त्यालाच १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला दारोदार पैसे मागत फिरावं लागलं. तेव्हा तर तो जगात सहावा होता!

त्यात निवडीचा घोळ झाला. आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांनी पुन्हा कुस्ती लावायला सांगितलं आणि खाशाबांनी निरंजन दास यांना हरवून जागा मिळवली. म्हणजे संस्थानं गेली तरी दाद मागायला शेवटी एका महाराजांचंच दार!

पैशांसाठी गोळेश्वरचे गावकरी फिरले, ओळखीपाळखीच्यांनी हात दिला. तरी कमीच पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. वाचून बघा परत. एका विद्यार्थ्याच्या खेळासाठी प्रिन्सिपॉलनी घर गहाण ठेवलं! आपल्याला अटेंडन्स कमी म्हणून डिटेन्शन लिस्टमध्ये नाव येतं, तेव्हा आपण प्राचार्य या शब्दाकडे कुठल्या नजरेने बघतो... असो.

हेलसिंकी

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. जुलै १९५२. खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला असा फिरवायचा की तो जमिनीवर आल्यावरच त्याला कळावं काय झालं ते. मातीत शिकलेला डाव त्यांनी मॅटवर चालवून दाखवला.

पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी कुस्ती झाली. दमछाक करणारी. ती गेली. आणि लगेच, विश्रांती न देता, सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम सांगायला, भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशींना सोनं, मामेदबेयोव्हना रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या आधी हॉकीने सुवर्णपदकं आणली होती, पण एकट्याच्या बळावर पदक आणणारे खाशाबा पहिले. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं टेनिसमधलं. आणि कुस्तीत पुन्हा पदक मिळालं ते २००८ मध्ये सुशीलकुमारला. म्हणजे ५६ वर्षांनी! ५६ वर्षं म्हणजे जवळपास दोन पिढ्या. या दोन पिढ्या कुठे गेल्या, हाच माझा प्रश्न आहे.

मिरवणूक आणि फेड

पदक घेऊन आल्यावर कराडला जी मिरवणूक निघाली तिच्या गोष्टी आजही सांगतात. शंभराहून जास्त सजवलेल्या बैलगाड्या, ढोल, गुलाल. एरवी काही मिनिटांचं असलेलं कराड ते गोळेश्वर अंतर कापायला कित्येक तास लागले. दादासाहेबांचं धाकटं पोर जग बघून आलं होतं.

गुलाल धुतल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्यातून आलेले पैसे खर्डेकर सरांना नेऊन दिले, घर सोडवायला. ही गोष्ट मला पदकापेक्षाही मोठी वाटते. ऑलिम्पिकचा पदकवीर, आणि कर्ज फेडायला तिकीट लावून कुस्ती धरतोय! आपल्या जत्रेतली इनामी कुस्ती हीच आपली खरी प्रोफेशनल रेसलिंग. फरक इतकाच की तिकडे स्टू हार्टच्या रिंगमधला गल्ला स्टू हार्टच्या पोरांसाठी राहायचा. इथे गल्ला आला तसा सावकारीच्या खात्यात गेला. पुढच्या पिढीसाठी रिंग बांधायला काय उरणार?

नोकरी, दूध आणि पुढची पिढी

१९५५ मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न हुकलं. पोलिस खात्याच्या स्पर्धांमध्ये ते खेळले, शिकवलं, ड्यूटी केली. सत्तावीस वर्षं नोकरी करून असिस्टंट कमिशनर पदावरून निवृत्त झाले. त्यानंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. वय अवघं ५८.

मुलगा कुस्तीत का नाही उतरला, असं लोक विचारतात. मला वाटतं हा प्रश्न उलटा विचारायला हवा. का उतरावं? ज्या पोराने घरात ऑलिम्पिकचं पदक पाहिलं आणि त्याच घरात पेन्शनच्या अर्जांच्या कॉप्या पाहिल्या, त्याने काय निवडावं?

इथे मला आमच्या घरचं सांगायला हवं. मी शिंदखेडा तालुक्यातला. आमचे आजोबा, ज्यांना सगळा गाव जिभाऊ म्हणतो, तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या धरायचे. आमच्याकडे दंगल म्हणतात. हलगी वाजतेय, गडी शड्डू ठोकतोय, आणि जिंकणाऱ्याला पितळी भांडं नाहीतर फेटा. जिभाऊंनी जिंकलेली एक घागर अजून आमच्या घरात आहे, तिच्यात आई बाजरी ठेवते. माझे वडील कुस्तीत का गेले नाहीत, हे मी एकदा जिभाऊंना विचारलं. मला वाटलं होतं आवड नव्हती वगैरे काहीतरी सांगतील. त्यांनी सरळ हिशेब सांगितला. पैलवानाला रोज दोन-तीन लिटर दूध, तूप, बदाम. आमची जमीन कोरडवाहू, कपाशी आली तर आली. गोठ्यात एक म्हैस. तिचं दूध एकतर पोराच्या पोटात जाईल, नाहीतर डेअरीला जाऊन त्याची शाळेची फी होईल. दोन्ही होणार नाही. त्यांनी फी निवडली. वडील शिक्षक झाले, मी कॉन्व्हेंटमध्ये गेलो आणि आता इथे तुमच्याबरोबर सबमिशन करतोय. माझ्या इंग्लिश मीडियमचा पाया त्या न प्यायलेल्या दुधात आहे.

मला जिभाऊंच्या निर्णयाचं वाईट वाटत नाही. बरोबरच होता तो. पण त्या दिवसापासून खेळ रक्तात असावा लागतो, हे वाक्य कुणी बोललं की मला हसू येतं. रक्तात असून काय उपयोग, दूध कोण देणार? दीपनगरला वीज कितीही तयार होऊ द्या, मधे तारा नसतील तर शिंदखेड्यात दिवा लागणार नाही. जनरेशन होतं, ट्रान्समिशन होत नाही!

वारसा पोचला तिथे काय होतं?

मग महाराष्ट्रात बापाची कुस्ती मुलापर्यंत पोचलीच नाही का? पोचली. कोल्हापूरचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकलं, आणि त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पण अशी बापलेकाची जोडी लगेच आठवते, यातच सगळं आलं. आणि ही जोडी कोल्हापूरची, जिथे तालमी होत्या, वस्ताद होते, मैदान होतं. जुन्या वायरिंगवर अजून करंट खेळत होता.

आपल्या खान्देशातलंच उदाहरण घ्या. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी. त्यांचे वडीलही पैलवान. विजय यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. आमच्याकडे तेव्हा घराघरात त्यांचाच विषय. त्यांना पोलिसात थेट उपअधीक्षकपद मिळालं. खाशाबांच्या सब-इन्स्पेक्टरपासून इथपर्यंत यायला साठेक वर्षं लागली, पण ही प्रगतीच म्हणायची. मात्र विजय यांना घडण्यासाठी घर सोडून पुण्याच्या तालमीत जावं लागलं. बापाने पोराला डाव दिले, स्वप्नं दिली. तालीम मात्र चाळीसगावात नव्हती, ती पुण्यात शोधावी लागली.

आता परत द रॉककडे बघा. रॉकी जॉन्सन १९८३ मध्ये टोनी अ‍ॅटलसच्या जोडीने डब्ल्यूडब्ल्यूएफचा टॅग टीम किताब जिंकला. काळ्या पैलवानांची ती पहिली जोडी. पण ड्वेनच्या मागे फक्त वडिलांचं अंग नव्हतं. आजोबा पीटर आणि आजी लिया यांनी हवाईत स्वतः कुस्त्यांचा धंदा चालवला होता. १९९६ मध्ये तो रिंगमध्ये उतरला तेव्हा नाव घेतलं होतं रॉकी मायविया. एक नाव बापाचं आणि दुसरं आजोळचं! ज्या घरात ताकदीबरोबर रिंगही होती, तिथे वारसा चालला. बाकीच्या कित्येक काळ्या पैलवानांची पोरं कुठेतरी नोकरीला लागली असतील. गोळेश्वर आणि अमेरिका यांच्यात सात समुद्र आहेत, कारण मात्र एकच.

मेल्यावर मोठं

खाशाबांना हयातीत ना अर्जुन मिळाला, ना पद्म. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोपर्यंत त्यांना जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. १५ जानेवारी २०२३ ला गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण २०१७ मध्ये त्यांच्या मुलाने ते हेलसिंकीचं पदक लिलावात काढायची तयारी जाहीर केली होती. कशासाठी? स्वतःच्या कर्जासाठी नव्हे. खाशाबांच्या नावाने गावात कुस्ती अकादमी करायची घोषणा सरकारने केली होती, ती उभी राहत नव्हती, म्हणून. मुलगा स्वतः पैलवान झाला नाही, पण बापाला जे कमी पडलं ते त्याला नेमकं माहीत होतं. अकादमी म्हणजे तालीम, वस्ताद आणि खुराक. थोडक्यात, तारा!

आणि तारा टाकल्या की काय होतं तेही आपण पाहिलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ आणलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ७२ वर्षांनी. स्वप्नीलचे वडील शिक्षक, नेमबाज नव्हेत. रक्तात काही आलं नव्हतं. पण राज्याची क्रीडा प्रबोधिनी होती, पुढे रेल्वेची नोकरी होती. करंट बरोबर पोचला.

आता शेवटचं आणि आपल्या हातातलं. आपल्या गॅदरिंगच्या स्पोर्ट्समध्ये गेल्या वर्षी कुस्तीला मोजून पाच एंट्री होत्या. पाचही जण खेड्यातले, चार शेतकऱ्यांची मुलं. जिंकणाऱ्याला प्लायवूडवर पत्रा ठोकलेली ढाल मिळाली, जी सध्या आमच्या रूमवर चहाचे कप ठेवायला वापरात आहे. माझी स्पोर्ट्स कमिटीला नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षी ढाल नको. पहिल्या नंबराला रोज एक लिटर दूध द्या, वर्षभर. ३६५ लिटर. वर्गणी काढायची असेल तर पहिलं नाव माझं लिहा. प्राचार्यांनी घर गहाण ठेवावं अशी आमची अपेक्षा नाही!